आईच्या औषधाचा डब्बा

टीना,

ड्यूटीवरून आल्यावर मी घरी नाही दिसलो तर घाबरू नोको. बाजूच्या केवलरामभाऊसंगं सरकारी दवाखान्यात जाऊन राहिलो, मनाच्या डॉक्टरकडे. स्कूटर तेच चालवून राहिले.

तुले खोटं बोललो. आठ दिवस झाले, मी प्लांटात गेलोच नाही. तू डबा भरून देत होती अन् मी पावर हाउस टेसनावर बसून तो कुत्र्यायले चारत होतो. घास उतरतच नाही. कावून, ते मलेच समजून नाही राहिलं. तुही काही चूक नाही.

आईच्या औषधाचा डब्बा केवलरामभाऊच्या घरी मथुरावहिनीजवळ देला, मले माहाच भरोसा नाही. मी पाया पडलो तरी घरात आणू नोको.

सकाळी १४४१६ ले, मनाच्या त्रासाच्या सरकारी नंबरले, फोन लावला. नुसता रडलो. तिकडच्या बाईनं फोन नाही ठेवला. म्हणे, "भैया, अभी अकेले मत रहिए." मंग भाऊचं दार वाजवलं.

खुशबूले सांगजो, बाबा बीमार हाय. लपवू नोको.

गॅसजवळ राख दिसन. फोनच्या पयले तुले एक चिठ्ठी लिवली होती, ते जाळली. लवकर ये, टीना. डॉक्टरसमोर मले एकट्याले बोलता येणार नाही.

प्रफुल्ल