अंगावर नसलेलं दूध

काकुपे, ४ मार्च १९९४

चि. निमिया हिस अ. उ. आ.

तुझं पत्र आणि झुनीचे मोजे बसच्या ड्रायव्हरने आणून दिले. मोजे तिने लगेच चावायला घेतले. तुझी लेक माझ्याकडे मजेत आहे, तू तिथे मालकिणीची भांडी घासताना रडत बसू नकोस.

माझं सांगते. लग्नाला सहा वर्षं झाली, शेवटी क्रिस्पिनने मला रक्त तपासायला नेलं. प्रोलॅक्टिन म्हणून एक असतं, बाळंतिणीला दूध आणणारं. ते माझ्या रक्तात भरमसाट निघालं. इतकं असलं की दिवस राहत नाहीत म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, घरात अंगावर पिणारं मूल आहे का. क्रिस्पिनने ठणकावून सांगितलं, मूल नाही म्हणूनच तर आलोय! मीही मान हलवली. आता डोक्यात गाठ आहे का ते बघायला फोटो काढायचाय. हा म्हणतो, निदान आत मेंदू आहे एवढं तरी कळेल.

काळजी नको, माया असू दे.

तुझी ताई,
एमेरिता

असुन्सिऑन, १३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. ताई, झुनी रडली की तू तिला छातीला लावतेस ना? आईसुद्धा मावशीच्या पोरांना अशीच कोरडी छाती देऊन गप्प करायची. आपल्याकडे त्याला कोणी पाजणं म्हणतच नाही, म्हणून तू डॉक्टरांना काही बोलली नाहीस. पण मालकिणीची बहीण नर्स आहे, तिला मी विचारलं. ती म्हणाली, दूध असो नसो, पोर ओढत राहिलं की शरीराला वाटतं, घरात बाळ आहे.

मी माझी पोर तुझ्या ओटीत टाकून आले आणि तीच तुझ्या मुलाच्या आड आली. जिवाला फार लागलंय. मालकिणीच्या हातापाया पडून झुनीला इथे ठेवायची परवानगी मिळवली आहे. रविवारी तिला न्यायला येते. भांडू नकोस, आणि रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
निमिया

काकुपे, २० मे

चि. निमिया हिस अ. उ. आ.

रक्ताचा नवा निकाल आला. प्रोलॅक्टिन अगदी जागेवर आहे. डॉक्टर म्हणाले, गाठबीठ काही नाही, आता खुशाल वाट बघा. झुनीचं आधी का सांगितलं नाही म्हणून रागावलेही. क्रिस्पिनने चीज घातलेले गरम पाव, चिपा, आणून सगळ्या गल्लीत वाटले. मी रडले, त्याला वाटलं आनंदाने.

झुनी आता बाटलीने पिते, रडत नाही, हे वाचलं. बरं झालं. त्या नर्सबाई म्हणाल्या ना, शरीराला वाटतं घरात बाळ आहे. होतंच की गं निमिया.

सान हुआनच्या जत्रेला एकटीच ये, तिला आणू नकोस. तिने हात पुढे केले तर मला नाही म्हणता येणार नाही. आणि नाहीच केले, तर ते मला बघवणार नाही.

माझ्यावर लोभ ठेव, आणि तिला अधूनमधून माझं नाव सांगत जा.

तुझी ताई,
एमेरिता