खोक्यांसाठी एक मरण

४ फेब्रुवारी

बँकेने नाही म्हटलं. फार गोड शब्दांत. मॅनेजरने विचारलं, "मॅडम, तारण काय?" मी म्हटलं, "एम. ए., पहिला वर्ग." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

बावीस वर्षं प्रकाशनात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे पैसे मिळत. आता त्या चुका संगणक काढतो. मी घरी बसून पुठ्ठ्याची खोकी करते – घड्याळाची, अंगठीची, अत्तराच्या बाटलीची. बाहेरून सुबक, आतून रिकामी. साहित्यातून आलेल्या माणसाला फारसं नवं शिकावं लागत नाही.

आई म्हणाली, "लोक आतली वस्तू घेतात आणि खोकं फेकून देतात."

धंद्याला पहिला सल्लागार मिळाला. फुकट आणि कायमचा.

७ फेब्रुवारी

क्रीजिंग मशीन पाहून आले. जुनं आहे, पण दमदार. पुठ्ठ्यावर घडीची रेघ अशी उमटवतं, की पुठ्ठा मुकाट्याने वळतो. घरात असं कुणीच वळत नाही.

मशीनवाला म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांबतो ताई. दुसरं गिऱ्हाईक मागे लागलंय."

दुसरं गिऱ्हाईक! ते नेहमीच असतं. त्याला कुणी कधी पाहिलेलं नसतं.

११ फेब्रुवारी

एक ॲप सापडलं. बँक नाही, सावकार नाही. किती हवेत आणि कशाला हवेत ते आपण लिहायचं. अनोळखी माणसं घरबसल्या वाचतात. कुणी पाचशे घालतं, कुणी पाच हजार. ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच कर्ज मिळतं, आणि मग हप्ते व्याजासकट त्या सगळ्यांत वाटले जातात. नाही जमली तर ज्याचे पैसे त्याला परत. नातेवाइकांकडे मागण्यासारखंच की. फक्त इथे कुणी 'लग्न केलं असतंस तर' म्हणत नाही.

मजकूर लिहिला: "खोकी करते. चांगली करते. मशीन हवे."

एक शब्द काढता येणार नाही. फार दिवसांनी समाधान वाटलं.

१५ फेब्रुवारी

जमा – पाचशे. ते मीच घातले, ॲप चालतं का बघायला.

१७ फेब्रुवारी

ॲपच्या मदतकेंद्रातून एका मुलीचा फोन.

"मॅम, तुमची स्टोरी फार छोटी आहे."

"त्यात सगळं आलंय."

"हो मॅम, पण इमोशन नाहीये. घरी कोण कोण असतं?"

"आई."

"त्यांना काही आजार वगैरे?"

"ठणठणीत आहे."

"अच्छा..."

इतका खचलेला आवाज मी फक्त मानधन विचारणाऱ्या कवींचा ऐकलाय.

१८ फेब्रुवारी

घातलं इमोशन.

"लहानपणी घरात खेळणी नव्हती. आई जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची खोकी करून द्यायची. कडेवरून नखाने रेघ ओढायची आणि म्हणायची, घडी एकदाच घालायची, नीट घालायची. आज ती नाही. तिच्यासारखी घडी मला अजून जमत नाही."

यात खोटं वाक्य एकच. तेही तीन शब्दांचं. बाकी अक्षर अन् अक्षर खरं – आईला मी यातलं कधी सांगितलेलं नाही, हा भाग वेगळा.

लिहीत असताना ती पलीकडच्या खोलीत मालिका बघत होती. आवाज एवढा मोठा, की नसलेल्या माणसाला शोभेना.

२० फेब्रुवारी

पूर्ण रक्कम जमली! दोन दिवसांत! खाली लोकांचे निरोप – 'आईचे आशीर्वाद पाठीशी आहेत.' 'त्या वरून बघत असतील.' वरून नाही, दारातून बघत होती. "काय गं, हसतेस काय एकटीच?"

मग अटी वाचल्या. आयुष्यभर बारीक अक्षरं वाचून पोट भरलं, आणि स्वतःचीच शेवटी वाचली. कलम नऊ: माहिती खोटी आढळल्यास संपूर्ण कर्ज तत्काळ, एकरकमी परत.

म्हणजे आईने दिसायचं नाही. सोपं आहे. बाई दिवसातून चार वेळा बाजारात जाते, एवढंच.

२७ फेब्रुवारी

मशीन आलं. इमारतीच्या जिन्यालगतच्या गाळ्यात बसवलं. आईने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तेल घालत जा." शुभेच्छा समजायच्या.

५ मार्च

घड्याळवाल्याची ऑर्डर. मोठी. मशीन घड्या पाडतं, पण पुठ्ठा कापायचा हातानेच. कटर वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा भांडवल, म्हणजे पुन्हा कुणाला तरी मारावं लागेल. घरात आता मीच उरलेय.

सुरी घसरली. अंगठा बराच कापला. आईला सांगितलं नाही. रात्री रबरी हातमोजे घालून भांडी घासली. म्हटलं, "कातडी जपतेय." तिने नुसतं पाहिलं.

१२ मार्च

माझ्या कर्जात सगळ्यात मोठी रक्कम घातलेल्या गृहस्थांचा निरोप. बँकेत तपासनीस होते, आता निवृत्त. "मंगळवारी आपल्या बाजूला येतोय. खोकी पाहीन म्हणतो."

देवा! माणसाने निवृत्त झाल्यावर बागकाम करावं.

आईला म्हटलं, "मंगळवारी गाळ्यात येऊ नकोस. धूळ फार उडणार आहे."

"बरं," म्हणाली. एका शब्दात. तेव्हाच घाबरायला हवं होतं.

१७ मार्च

तपासनीस आले. बारीक चण, पांढरा शर्ट. खोकं हातात घेतलं, झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. "सुरेख," म्हणाले.  आणि दारात आई. हातात माझा डबा. धूळ बघायला आली होती.

"या कोण?"

"मावशी," मी म्हटलं. "आईची बहीण."

आईने डबा खाली ठेवला. हळूच.

तपासनीस उठून उभे राहिले. "तुमच्या ताईंबद्दल वाचलं. फार वाईट वाटलं."

मी मशीनकडे बघत राहिले. वाटलं, संपलं. मशीन जाणार, गाळा जाणार, घड्याळवाला जाणार.

"चालायचंच," आई म्हणाली. "फार सोसलं हो तिनं. ह्या पोरीनं एक दिवस सुख दिलं नाही तिला."

"असं?"

"चहाचा कप कधी विसळला असेल तर शपथ. काय लिहिलंय म्हणालात? वाचून दाखवता? माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा तिच्या गळ्यात लोंबत होता.

त्यांनी फोन काढला आणि वाचलं. सावकाश, प्रत्येक पूर्णविराम पाळत. नखाने ओढलेली रेघ. घडी एकदाच घालायची. आज ती नाही. माझं लिखाण कुणी मोठ्याने वाचावं अशी फार इच्छा होती. पुरी झाली.

आईने गळ्यातला चष्मा पदराने पुसला. मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाली, "लिहिलंय बरं. माणूस मेल्यावरच कसं सुचतं गं तुला?" आणि गेली.

तपासनीस फोन खिशात ठेवत म्हणाले, "नाक अगदी तुमच्यासारखं आहे हो. मावशींचं."

१८ मार्च

सकाळी विचारलं, "चहा झाला?"

"मला काय विचारतेस? मी असते कुठे?"

१९ मार्च

मीठ कुठे आहे ते विचारलं. "वरून नीट दिसत नाही."

२३ मार्च

ॲपकडून अजून काही नाही. तपासनीस गप्प आहेत. आईही गप्प आहे, ते जास्त वाईट. ती माझं ताट वाढते आणि आपलं घेऊन आतल्या खोलीत जाते. विनोदसुद्धा बंद केलेत.

कलम नऊ परवडलं असतं.

२६ मार्च

सगळ्यांना खरं कळवावं म्हणून लिहायला बसले. "आई जिवंत आहे." वाचलं. पुन्हा वाचलं. किती चांगलं वाक्य! पाठवलं नाही. हप्ता पाच तारखेला आहे, घड्याळवाल्याचे पैसे दहाला. नीतीला पाच दिवस कमी पडतात.

३० मार्च

आई फोनवर कुणाशी तरी बोलत होती. "हो गं बाळ... इमोशन म्हणजे काय घालू?" मी आत गेले तर फोन ठेवला.

 तक्रारच करतेय. करू दे. तिचा हक्क आहे. मशीन पुसून ठेवलं, तेल घातलं. परत न्यायला येतील तेव्हा निदान तेल घातलेलं असावं.

३ एप्रिल

सकाळी ॲपचा निरोप – 'तुमच्या परिसरातील नवीन कर्जदार'. उघडला.

"पुठ्ठा कापायचा कटर हवा आहे. माझी एकुलती एक मुलगी खोकी करायची. हट्टी होती, पण हात चांगला होता. पुठ्ठा कापताना अंगठा कापून घेतला आणि मला कळू नये म्हणून हातमोजे घालून भांडी घासली. मला वाटलं होतं सांगेल. आज ती नाही. तिची घडी माझ्यापेक्षा चांगली पडायची. हे तिला सांगायचं राहिलं."

निम्मी रक्कम जमलीही होती. पहिला निरोप तपासनिसांचा: 'या घरात माणसं फार मरतात. पण खोकी उत्तम होतात.'

मी पाचशे घातले. अंगठ्याची पट्टी सोडली आणि चहा आहे का बघायला आत गेले.