हिमघंटीचे सात नमुने

१२ जुलै १९८३
पोहोचले एकदाची! नारिन शहराहून दिवसभर ट्रक, मग दीड दिवस घोड्यावर. उमसुनाय एजे दारातच उभ्या होत्या. "किती वाळलीस गं! आधी जेव, फुलं कुठं पळून जात नाहीत." वडील आधीच गेलेले; आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. तेव्हापासून ह्यांनीच शिकवलं, ह्या डोंगरातल्या वनस्पती केंद्रावर नोकरीही ह्यांनीच लावली. एजे म्हणजे थोरली बहीण; पण सख्खी थोरली बहीणसुद्धा एवढं करणार नाही. काम सोपं आहे: हिमघंटीच्या सात वाळवलेल्या नमुन्यांच्या नोंदी नव्या वहीत उतरवायच्या. हे फूल जगाला दाखवलं ते एजेंनीच.

१५ जुलै
जाड कागदावर चिकटवलेली फुलं अजून निळीशार आहेत. चिठ्ठीवर जागा, उंची, तारीख. सातही जागा वेगळ्या, महिना मात्र सगळीकडे जून. प्रत्येक कागदामागे पेन्सिलीनं एका मुलीचं नाव. एजे म्हणाल्या, माझ्या मदतनीस होत्या, आठवण म्हणून लिहिते. घोडे राखणारे जोलदोश बाइके, म्हणजे दादा, कुमिस घेऊन आले होते, घोडीचं आंबवलेलं दूध. मला चिडवत म्हणाले, "एजेंचा जीव जडला की पोर इथलीच होते बघ!" खूप हसलो.

१९ जुलै
कपाटात हजेरीची जुनी वही सापडली. त्याच सात मुली. प्रत्येकीपुढे ऑगस्टात एकच शेरा: काम अर्धवट टाकून गेली. आणि प्रत्येकीच्या नावाचं फूल पुढच्या जूनमधलं. घरचा पत्ता एकीचाही नाही. योगायोग असेल. एजेंना विचारायला जीभ रेटली नाही.

२१ जुलै
एकटीच शेवटच्या, कालिमानचं नाव असलेल्या नमुन्याच्या जागी गेले. ओढ्यावर, दोन खडकांमध्ये. रोप तिथंच होतं. मुळासकट घ्यायचं म्हणून खणलं. मुळं वेणीत गुंतली होती. माणसाच्या वेणीत. टोकाला लाल लोकर गुंफलेली –
धावत सुटले ती थेट एजेंकडे. दुसरं कोण आहे मला? एवढंच म्हणाले, मातीत कुणीतरी आहे. त्यांनी जवळ घेतलं, चहात साय घातली. म्हणाल्या, कालिमान फार गुणी होती.
मी कुठं खणलं, ते सांगितलंच नव्हतं.

२२ जुलै, सकाळ
नमुने वाळवायच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. एजे दाराला टेकून बोलत होत्या, समजूत घालावी तशा. फूल दुसऱ्या कशावर मूळ धरत नाही गं. आईविना पोरीला शोधत कुणी येत नाही. तुला शाळेत पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच –
तेव्हाच. म्हणजे ती वह्या-पुस्तकं, ते तापात उशाशी बसणं –

दुपार
टापा! जोलदोश बाइके! ओरडले. घसा फुटेस्तोवर ओरडले. ते थांबले. ऐकलं त्यांनी. मग –
"एजे, यंदा जुलैतच? ऑगस्ट तरी लागू द्यायचा."
"तिनं खणलंय. काय करू?"
"बरं. घोडा बांधून येतो."

कडी निघतेय. एजे म्हणताहेत, बाळा, कोट घाल, बाहेर गार आ–