दोन वाऱ्यांचा तंबू

डनीडन,
८ मार्च २००९

ती. डुगलमामांस,
आयोनाचा सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं. तहर या रानबोकडांच्या शिकारीच्या सोडतीत माझं नाव निघालं! जूनचा दुसरा आठवडा मिळालाय, म्हणजे आपला ऐन हिवाळा. हेलिकॉप्टर वरच्या खोऱ्यात सोडणार आणि सात दिवसांनी उचलणार. अर्जावर जोडीदार म्हणून तुमचं नाव घातलंय, तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही गुडघा पुढे केला असतात.

आईला सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. ती म्हणाली की, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला बर्फात नेणं हा कुठला लाड, आणि तेही माझ्या एकुलत्या एका भावाला. दहा मिनिटांनी तुमच्यासाठी लोकरी मोजे विणायला घेते म्हणाली. तेव्हा तिचा होकार धरून चाला.

डॉक्टरांनी तुम्हाला पाठीवर आठ किलोंच्या वर घ्यायचं नाही असं बजावलंय, ते मला पाठ आहे. हेलिकॉप्टर उतरतं तिथून मुक्कामाच्या सपाटीपर्यंत दोन तासांचा चढ आहे. म्हणजे सगळं घोडं तंबूपाशी अडतं. तंबू जड घेतला तर तुम्ही येऊ शकणार नाही. हलका घेतला आणि तो वाऱ्यात टिकला नाही, तर आपण दोघंही परत येणार नाही. पाच वर्षांत तुम्ही डोंगर फक्त खिडकीतून पाहिलात, हे मला बघवत नाही.

चाळीस वर्षं सगळ्यांचे तंबू तुम्ही निवडलेत. या खेपेला मी निवडणार. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे लेखी कळवतेय.

लोभ आहेच, तो तुमच्या गुडघ्यासारखा आखडू देऊ नका.

तुमची,
आयोना


फेअरली,
१५ मार्च २००९

चि. आयोनास,
डुगलमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मग शेजारच्या हेक्टरकडे एक करवत परत करायला गेलो आणि जाता जाता पत्रही दाखवलं. करवत त्याची नव्हतीच. तो म्हणाला की, भाचीने मामाला शिकारीला नेल्याचं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, ऐकशील कसा, तुझ्या भाच्या टेनिस खेळतात.

आता तंबूचं. तुला निवडायचा आहे तर निवड, पण दुकानात शिरण्याआधी म्हाताऱ्याचं एक ऐक. आपल्या डोंगरात वादळ एकदा येत नाही, दोनदा येतं. आधी वायव्येचा वारा पाऊस घेऊन दिवसभर झोडपतो. मग दहा-पंधरा मिनिटं सगळं चिडीचूप होतं. त्यानंतर दक्षिणेचा वारा बर्फ घेऊन येतो आणि तो सरळ तंबूच्या कुशीत घुसतो. एकाहत्तर साली त्या चिडीचूप वेळात मी, मोठा शहाणा, चहा ठेवला. वादळ संपलं असं वाटलं मला. तंबू गेला, चहा गेला, आणि खालच्या झोपडीपर्यंत पोचताना डाव्या पायाची दोन बोटंही गेली. तुझ्या आईला मी लाकूड पडलं म्हणून सांगितलंय, तिला हे पत्र दाखवू नकोस.

म्हणून काठ्या एकमेकींवरून जातात तसला गोल तंबू घे. त्याला वारा कुठूनही आला तरी सारखाच. जड असतो, पण माझी फिकीर करू नकोस. आठाचे दहा किलो झाले तर डॉक्टर काही डोंगरात बघायला येत नाही.

ममता आहेच, उरलेली आलास की हाती देईन. चुकलो, आलीस की. तुला लहानपणापासून मुलासारखं हाकारायची खोड जात नाही.

तुझा,
डुगलमामा


डनीडन,
२ एप्रिल २००९

ती. डुगलमामांस,
सा. न. वि. वि.

तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने मला विचारलं की, भेट कोणासाठी हवी आहे. मी म्हटलं, माझ्यासाठीच, आणि बूट न काढता त्याच्या तंबूत जाऊन आडवी झाले.

एक होता चंदेरी, पिसासारखा हलका. त्याच्यावर चारही ऋतूंसाठी असं ठसठशीत लिहिलं होतं, पण आत निम्मी जाळी. बर्फाची भुकटी वाऱ्याबरोबर सरळ आपल्या अंथरुणात. तो बाद. दुसरा तुमचा लाडका गोल तंबू. अगदी किल्ला, पण चार किलोंचा. तिसरा लांबट, बोगद्यासारखा, तीन कमानींचा, भिंती थेट बर्फापर्यंत पोचणाऱ्या. वजन अडीच किलो. मी तोच घेतलाय. रंग मळकट हिरवा, कारण भडक काही दिसलं की किआ पोपट चोची परजत येतात. मागच्या वर्षी त्यांनी माझ्या मैत्रिणीच्या नारिंगी तंबूची झालर केली होती.

हिशेब सांगते. तुमचं अंथरूण, कपडे, दुर्बीण आणि थोडं खाणं मिळून सात किलो होतात. उरला एक, त्यात तुम्ही कमानी आणि खुंट्या घ्यायच्या. माझ्या पाठीवर बंदुकीसकट चोवीस किलो आहेत, आणि उतरताना मांस आलं तर आणखी. दीड किलो ऐकायला काहीच वाटत नाही, पण तेवढ्याने एक तर तुमचा गुडघा मोडेल किंवा माझी कंबर. बोगदा तंबू वाऱ्याकडे तोंड करून लावला तर हलत नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

तंबू पार्सलने पाठवतेय. अंगणात लावून बघा आणि शिव्या लेखी पाठवा.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
आयोना


फेअरली,
१९ एप्रिल २००९

चि. आयोनास,
अनेक आशीर्वाद.

तंबू आठ दिवस अंगणात उभा आहे. सगळी गल्ली बघून गेली. पोस्टमन विचारत होता की, घरात काही भांडण झालंय का.

शिवण पाहिली, एक नंबर आहे. बागेच्या नळीने तासभर पाणी मारलं, थेंब आत नाही. तीन रात्री त्यात झोपलो, गवतावर पांढरं हिव पडलं होतं, तरी ऊब राहिली. तुझी नजर चांगली आहे, हे कबूल करतो. हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचू नकोस.

पण मग हेक्टरला बोलावलं. त्याचं वजन तुला ठाऊक आहे. समोरून त्याने तंबूला खांदा दिला, तंबू ढिम्म. मग त्याला म्हटलं, आता कुशीतून दे. कमानी भुईला टेकल्या गं. हेक्टर तोंडावर आपटला आणि मी हसलोदेखील नाही. दक्षिणेचा वारा हेक्टरपेक्षा जोरात खांदा देतो.

तेव्हा असं कर. गोल तंबू घे आणि सोबत तुझ्या वयाचा, चार किलो उचलणारा कोणीतरी घे. मी घरी राहतो. माझ्या गुडघ्यापायी तू चुकीचा तंबू नेलास आणि काही झालं, तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? मला जायचं नाही असं नाही. फार जायचंय. म्हणूनच लिहितोय.

आशीर्वाद तंबूवर अवलंबून नाहीत, ते कायम आहेत.

तुझा,
डुगलमामा


डनीडन,
२६ एप्रिल २००९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते, कारण राग आलाय. जोडीदार बदलणार नाही, तंबूही बदलणार नाही. तुमचं म्हणणं खरं आहे, त्या तंबूला एकच वारा सोसतो. दुसरा वारा यायच्या आधी मी तंबू फिरवीन. इथल्या मैदानावर रोज संध्याकाळी सराव करतेय. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली, काल अकरा. तुम्ही सांगितलेली ती चिडीचूप वेळ चहाला नाही, मला हवी आहे.

सहा जूनला सकाळी तुम्हाला घ्यायला येते. दारात तयार नसलात तर हेक्टरला नेईन, आणि त्याचं वजन तुम्हाला ठाऊक आहे.

राग ओसरला की लोभ वर येईलच.

आयोना


डनीडन,
१८ जून २००९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पोचले. आईने मला आधी मिठी मारली आणि मग तुमचा गुडघा कसा आहे ते विचारलं. तहरचं मांस सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. एवढी आयाळ असलेला बोकड या घराण्यात कोणी मारला नसेल असं मी म्हणाले, तर आई म्हणते, डुगलला विचार, तो एकतरी मोठा सांगेलच.

तंबूत आपण सात दिवस राहिलो, पण तुम्ही सगळा वेळ एकाहत्तर सालच्याच गोष्टी सांगितल्यात, त्यामुळे माझी गोष्ट राहूनच गेली. ती इथे सांगते, कारण तुम्ही ती चक्क झोपून काढलीत.

चौथ्या दिवशी सकाळपासून वायव्येचा वारा. जेवण झाल्यावर तुम्ही गुडघ्यासाठी गोळी घेतलीत आणि पाठ टेकलीत. दोनच्या सुमारास सगळं एकदम थांबलं. कानात दडे बसल्यासारखं झालं. दक्षिणेकडचा कडा ढगात बुडत होता. तुम्हाला उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तुम्ही उठणार, गुडघा सावरणार, बूट शोधणार, मग मला सांगायला लागणार, तोवर दक्षिणेचा वारा आला असता. आणि खरं सांगू? तुम्ही आत असल्यामुळे तंबू उडून जायची भीती नव्हती. म्हणून एका बाजूच्या खुंट्या काढल्या, तुम्ही निजला होतात ती चटई धरून तुम्हाला थोडं थोडं सरकवलं, आणि तंबू तुमच्यासकट फिरवला. तुम्ही घोरत होतात!

शेवटची दोरी ताणली आणि बर्फ आलं. दोन तास मी आतून मधल्या कमानीला पाठ लावून बसले होते. कमान हलली नाही. इतकी खूश मी बोकड पडला तेव्हाही नव्हते. फक्त बघायला कोणी नव्हतं, एवढंच मनाला लागलं. संध्याकाळी उठून तुम्ही विचारलंत की, दार आता भलतीकडे कसं. मला हसू आलं आणि थोडं रडूही.

माया राखावी, आणि पुढच्या वेळी जरा कमी झोपावं.

तुमची,
आयोना


फेअरली,
२४ जून २००९

चि. आयोनास,
तुझ्या मामाचे कोट्यवधी आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. हेक्टरला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, आणि आज बाजारात खाटीक म्हणाला की, तुमच्या भाचीने म्हणे माणसासकट तंबू फिरवला. फेअरलीत आता ही गोष्ट कोणाला सांगायची राहिलेली नाही. गुडघा सुजलाय, डॉक्टर ओरडला, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

एक गोष्ट तेवढी तुला सांगायची आहे. ती मी हेक्टरला सांगितलेली नाही.

मी झोपलो नव्हतो. त्या गोळीने मला कधीच झोप येत नाही. वारा थांबला ते तुझ्याआधी मला कळलं. त्या चहानंतर असल्या वेळी मी उठून ओरडलो नाही असं एकदाही झालेलं नाही. तू माझ्याकडे हात पुढे केलास तेव्हा मी अर्धवट डोळ्यांनी पाहत होतो. मला वाटलं, आत्ता डोळे उघडले तर ही पोर माझ्या तोंडाकडे बघेल, आणि मग जन्मभर कोणाच्या ना कोणाच्या तोंडाकडेच बघत राहील. म्हणून मी डोळे घट्ट मिटले आणि घोरायला लागलो. जरा जास्तच झालं का? मला घोरायची सवय नाही गं.

तू बाहेर गेलीस की डोळे किलकिले करून मी दाराच्या फटीतून पाहत होतो. तू आधी दक्षिणेकडची खुंटी उपटलीस, तेव्हा ओठावर आलेली शिवी गिळली. पुढच्याच क्षणाला तू ती परत ठोकलीस आणि दुसरीकडून सुरुवात केलीस. मी सांगितलं असतं तेही हेच. चटईवरून मला ओढत होतीस तेव्हा वजन हलकं करायला मी टाच रेटत होतो, ते मात्र तुला कळलं नाही. मग दोन तास तुझी पाठ त्या कमानीला आणि माझी नजर तुझ्या पाठीला. एकाहत्तर सालापासून डोंगरात वारा फिरला की मी दोऱ्या मोजत बसतो. त्या दिवशी मोजल्या नाहीत.

बघायला कोणी नव्हतं असं पुन्हा लिहू नकोस. मी सगळं पाहिलं, पहिल्या खुंटीपासून शेवटच्या दोरीपर्यंत, आणि उठून टाळ्या वाजवायची इच्छा आवरून पडून राहणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

माझ्या वाटचा लोभ आता तुझ्याकडेच ठेव, तू तो नीट सांभाळशील.

तुझा,
डुगलमामा