दुहेरी काठ

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला दिलेल्या जुन्या गाडीचे ब्रेकपाइप गंजून गेले होते. तयार पाइप मिळेनात, म्हणून नळी आणून मीच हातानं केले. पट्टीच्या भोकात नळी आवळली, स्क्रूनं दाबून तोंड फुगवलं, मग दुसऱ्यांदा दाबून काठ आत दुमडला. पहिलंच तोंड असं सुरेख उतरलं की मी ह्यांना शिलाईमशीनवरून उठवून दाखवायला आणलं. आणि बघते तर नट टेबलावरच! नळीवर आधी नट चढवायचा असतो, तो राहिलाच. दुसऱ्या टोकाला तोंड आधीच झालेलं, त्यामुळे मागूनही घालता येईना. एक तोंड कापून टाकावं लागलं. हे म्हणाले, शिंप्याकडे असं झालं तर गिऱ्हाईक उघडं जाईल.

आता सगळे पाइप बसलेत. आईला कधीचं माझं गॅरेज बघायचंय. तुम्ही दुसऱ्यानं ब्रेक केलेल्या गाडीत बसत नाही आणि ती तुमच्याशिवाय निघत नाही. यंदा मी न्यायला येऊ का?

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, ती पत्रातून कळवतही जा.
तुमची,
दांडगी

ता. ११ मार्च

चि. दांडगीस,
अ. उ. आ.

नट विसरलीस, घराण्याला शोभलीस. तुझे आजोबा विसरत, मी तर गिऱ्हाइकासमोर विसरलोय. त्याबद्दल बोलणार नाही.

पण घाटाचा उतार तुला माहीत आहे. गाडीत तुझी आई असणार. कापलेल्या टोकाची कड घासलीस का? कीस फुंकून काढलास का? तू केलेलं एक तोंड मला पाठव. बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. आई रागावली आहे, लेकीची परीक्षा कसली घेता म्हणते. तिला रागावू दे.

प्रकृतीला जप.
तुझा,
बाबा

ता. १६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबत तोंड पाठवते आहे. मुद्दाम निवडलेलं नाही, गाडीतलाच एक पाइप सोडवून त्याचं टोक कापलं आणि तिथं नवा केला. ब्रेकच्या तेलातली हवा काढली, पेडल दाबून धरलं, गळतं का बघायला प्रत्येक नटाखाली कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. खरं सांगते, तुम्ही नाही म्हणालात तर मला फार लागेल.

उत्तराची वाट बघणारी,
दांडगी

ता. २२ मार्च

चि. दांडगीस,
अ. उ. आ.

तुझं तोंड करवतीनं उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. काठ मधोमध, कुठं चीर नाही, दुमड सगळीकडे सारखी. दोष काढायचाच म्हणून बसलो होतो, तो सापडेना तेव्हा जरा हिरमुसलो. मग लेथवाल्याला बोलावून दाखवलं. त्यानं माझंच काम समजून शाबासकी दिली, ती मी घेतली नाही. लेकीचं आहे म्हणालो, आणि हे त्याला दोनदा सांगितलं.

रविवारी ये. आई आजच पिशव्या भरते आहे.
तुझा,
बाबा

ता. ४ एप्रिल

चि. दांडगीस,
अ. उ. आ.

सुखरूप सोडून गेलीस, नंतर घर सुनं वाटलं. आई दारोदार तुझ्या गॅरेजचं वर्णन करते आहे.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ब्रेक मी केलेले असले तरी दुसरं कुणी गाडी चालवत असलं की माझा उजवा पाय सगळी वाट जमीन दाबत असतो. घरी आल्यावर पोटरी दुखते, आई तेल चोळून देते. परवा ती तेलाची वाटी घेऊन आली, तेव्हा कळलं की पाय दुखतच नाही. तिनं सांगितलं की घाट लागला तेव्हा मी झोपलो होतो. खाली पोचेपर्यंत घोरत होतो म्हणे.

तुझा, यापुढे मागच्या सीटवरचा,
बाबा