मानपाड्याचा फ्लॅट: घ्यावा की न घ्यावा

सोमवार, २ मे १९८८
श्रीगजानन प्रसन्न. आज सकाळी मानपाड्याला नव्या फ्लॅटवर आले. नौपाड्यातल्या आमच्या दोन अंधाऱ्या खोल्यांनंतर इथला उजेड पाहून जीव सुखावला. तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, नळाला दोन वेळा पाणी. फ्लॅट राहायला नाही घ्यायचा. पाच-सहा वर्षं ठेवायचा आणि चित्राच्या लग्नाच्या वेळी विकायचा. बिल्डरनं सहीआधी आठ दिवस राहून बघायची मुभा दिली आहे. हे ट्रेनिंगला नागपूरला, चित्रा पुण्याला आत्याकडे. हे म्हणाले, तूच राहून बघ, तुझ्या नजरेतून डाळीतला खडा सुटत नाही. दहा तारखेला चित्राला घेऊन येतील, तोवर मी ठरवायचं. मी नको म्हटलं तर सही होणार नाही.

वास्तुशांत जो राहायला येईल तो करील, तो खर्च आपण का करावा? देवापुढे दूध मात्र तापायला ठेवलं. उतू जाऊ द्यायचं असतं, पण काठाशी आलं आणि माझ्याच्यानं बघवेना. पटकन उतरवलं. अर्धा लिटर दूध ओट्यावर का सांडायचं? विरजण लावलं.

मंगळवार, ३ मे
शिवणाच्या टेपनं घर मोजलं. कागदावर हॉल चौदा फूट, भरला तेरा फूट आठ इंच! बिल्डरचा माणूस सुधीर आला होता, त्याला तोंडावर सांगितलं. तो हसून म्हणाला, वहिनी, चार इंचांत काय भाडेकरू झोपणार आहे? मी म्हटलं, पैसे घेताना तुम्ही ते चार इंच सोडता का?

मजल्यावरची बाकीची तिन्ही दारं कुलूपबंद. वॉचमन गुणाजी म्हणाला, सगळ्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेत. राहत कुणीच नाही, भाव मात्र चढतो आहे.

बुधवार, ४ मे
ठाकुर्लीकडची कोळीण मनुबाई पाटी घेऊन वर आली. आम्ही मासळी खात नाही म्हटलं, तर म्हणाली, भटीनबाय, मासली नको तं नको, पानी तरी पाज. पाणी बाहेरच उभ्यानं प्यायली, उंबरा ओलांडला नाही. दूध उतू घातलंस का, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, समोरच्यांनी पन आसाच केलंता. राहाचा नाय तं दूध कशाला, म्हनत. सुटकेसी घेऊन आली, जाताना कोनी बघली नाय. घराला पयला घास तू दिलास नाय, तं आता ते आपल्या हातान घेल.

तिची भीती तिच्यापाशी. दुपारी हॉल पुन्हा मोजला. चौदा फूट बरोबर. काल टेप सैल धरली असणार. सुधीरला उगाच बोलले.

गुरुवार, ५ मे
चौदा फूट सात इंच. तीनदा मोजलं. देवाची कृपा म्हणायची! बिल्डरला कळायच्या आत सही झालेली बरी. ह्यांना पत्र लिहिलं: जागा पसंत आहे, कागदावर आहे त्याहून मोठी आहे, आल्या दिवशी सही करून टाका. गुणाजीनं पेटीत टाकलं.

भांडी घासताना दोन्ही हातांतल्या बांगड्या आपोआप गळून पडल्या. उन्हाळ्यानं वाळले असेन.

शुक्रवार, ६ मे
पंधरा फूट तीन इंच.

दाराची वरची कडी काढताना टाचा उंच कराव्या लागल्या. सोमवारी ती माझ्या खांद्याशी होती. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत होती, ती मनगटावर आली आहे. पातळाच्या निऱ्या आवरत नाहीत.

भर दुपारी समोरच्या बंद दारावर आतून टकटक झाली. हाताच्या उंचीवर नाही. खाली, उंबऱ्याजवळ. गुणाजी म्हणाला, उंदीर असतील.

शनिवार, ७ मे
सोळा फूट. आणि मला स्वयंपाकाचा ओटा छातीला लागतो.

पाटावर उभी राहून लिटरभर दूध ठेवलं. आज सगळं उतू जाऊ दे म्हटलं, थेंबही राखणार नाही. स्तोत्र म्हणत तासभर उभी होते. दूध काठापर्यंत येतं, थांबतं, खाली बसतं. सगळं आटलं, पण उतू गेलं नाही.

फ्लॅट घ्यायचा नाही. ठरलं. उद्या सकाळी देव घेऊन निघते आणि नागपूरला तार करते.

रविवार, ८ मे
कडीला हात पुरत नाही. पाटावर डबा, डब्यावर डबा ठेवून चढले — पडले. पुन्हा रचले तोवर कडी आणखी वर गेली होती.

गुणाजी जिन्यात आला तेव्हा दारावर मुठी आपटल्या, ओरडले. तो थांबला. ह्या बाई गेल्या वाटतं, म्हणाला. आणि — उंदीर फार झालेत इथे.

सोमवार, ९ मे
टेप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओढून नेववत नाही. आता मोजत नाही.

पेन्सिल दोन्ही हातांनी धरते आहे.

दाराखालच्या फटीशी गाल लावून पडले होते. समोरच्या फटीतून बाईचा आवाज आला, डासासारखा बारीक. वहिनी, तुमचं किती भरलं? मग म्हणाली, आमचं अजून वाढतंय.

देवा, माझं ते पत्र पोचू देऊ नकोस —

मंगळवार, १० मे
किल्ली वाजली. आतली कडी मला काढता आली नव्हती, त्यांना बाहेरून — घरानंच काढून दिली.

केवढे पाय.

चित्रा आली आहे. हे सांगताहेत, बघ, आई म्हणाली ते खरं, हॉल केवढा मोठा आहे! सुधीरही आहे, कागद घेऊन.

मी ओरडते आहे. नको. सही नको. ऐकू जात —

इथे लिहिते, वही उघडी आहे, खाली बघा, एकदा खाली —

चित्रा धावते आहे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हसते आहे. बाळ, बाहेर जा, बाहेर —

सही झाली. हे तिला म्हणाले, दार लोटून घे गं, आई येईलच इत