फुटली म्हणायचं नाही

१२ जुलै १९७८

मिळाला! जोडविषय मिळाला. मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि जोडीला – उद्योजकता! यंदाच निघालाय. कॉलेजात अजून कोणाला नाव धड उच्चारता येत नाही. ऑफिसातल्या बाबूने तर 'उद्योगजता' लिहिलं आणि वर मलाच विचारलं, बरोबर आहे ना?

आईला सांगितलं, उद्योग शिकणार. कणीक मळता मळता म्हणाली, "तुले कायले शिका लागते? लहानपनापासून नसते उद्योगच त करून राह्यली."

बाबा हसले नाहीत. बाबा मंगरूळपीरच्या कचेरीत आहेत. रोज एसटीने जातात-येतात, आणि घरी आल्यावर चहा होईपर्यंत तरी साहेबासारखेच वागतात. म्हणाले, "विषय घे कोनताबी. पन बीए झाली का कचेरीत चिकटाचं. म्या साहेबाच्या कानावर घालून ठेवलं."

१९ जुलै

उद्योजकता शिकवणाऱ्या उदयसिंग सरांचा आवडता शब्द – जोखीम. "जोखीम घ्या! जोखमीशिवाय वाढ नाही!" आणि स्वतः ढग दिसला की रेनकोट घालून वर छत्री आणतात.

सत्रभर प्रत्येकाने एका धंद्यात बसायचं आहे. पोरांना जिनिंग, सॉ मिल, सायकलचं दुकान. वर्गात मुलगी मी एकटी, म्हणून मला बांगड्या! सरांना वाटलं, सोपं काम दिलं.

२४ जुलै

जतनबाईंचं दुकान बाजारगल्लीत आहे. फळ्यांचं दार, आत गादी, तिन्ही भिंतींना बांगड्यांची खोकी. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. जैन मंदिरातून आल्याशिवाय कोणाशी बोलत नाहीत, आणि आल्यावर थांबत नाहीत.

दिवस चांगला गेला. संध्याकाळी मी आपलं शहाण्यासारखं विचारलं, "काकी, दुकान बंद करू?"

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले! "बंद नोको म्हनू व माय! वाढवू का, असं म्हन."

"काय वाढवू?"

"दुकान!"

मी शेजारच्या रिकाम्या खोलीकडे बघत राहिले. ती घेऊन दुकान मोठं करायचं म्हणतात, असं वाटलं! सरांची 'वाढ' डोक्यात. जतनबाई हसून हसून गादीवर आडव्या झाल्या. मग सांगितलं – दुकानदार कधी 'बंद' म्हणत नाही, म्हटलं की कायमचं होतं. बांगडीचंही तेच. "फुटली म्हनाचं न्हाई. वाढली म्हनाचं. ध्यानात ठेव, बेटा."

घरी सांगितलं तर बाबा भडकले. "छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली तवाच आमी शकुन-अपशकुन नदीत सोडून आलो, अन् तू आता शब्दाले भेतं? फुटली त फुटली! बंद त बंद!" बाबा असेच. मांजर आडवी गेली की मुद्दाम तिच्या मागून चालत जातात. आई म्हणते, एसटी त्याच्यानंच चुकते.

२ ऑगस्ट

बांगड्या भरायला शिकतेय. अंगठा आत दुमडायचा, बोटं दाबत आणायची, आणि तोंड चालूच ठेवायचं. बाई हसली की हात सैल पडतो. माझं तोंड चालूच असतं, त्यामुळे अर्धं शिक्षण घरीच झालेलं. जतनबाई म्हणाल्या, "हात हलका हाये तुहा." दिवसभर हवेत होते.

रात्री जेवताना बाबा हळूच म्हणाले, "बांगड्या भराच्या म्हंजे हात धरा लागते लोकायचा. आडनाव इचारलं मंग? कोन हात देईन तुले?"

आई ताटाकडे बघत होती. मीही मग भात संपवला आणि उठले.

२० ऑगस्ट

मला दुकान आवडतं. सत्र संपल्यावरही इथेच बसायचं आहे. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. वहीलाच सांगतेय.

४ सप्टेंबर

उद्या हरताळका. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. जतनबाईंचं पर्युषण, उपास, त्या मंदिरात. दुकानात मी एकटी! छान चाललं होतं. रिठदच्या एक रुपाबाई आल्या – धिप्पाड, आवाज ढोलासारखा. एक हात भरून झाला, दुसरा अर्धा झाला, आणि एक हिरवी कट्कन गेली.

आणि मी ओरडले – "फुटली!"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. सणाच्या आदल्या दिवशी, सवाष्ण बाईच्या हातात, आणि मी अशी बोंबलले! बाबांची लेक शोभते. रुपाबाईंनी हात ओढून घेतला आणि अर्ध्या हातानेच निघून गेल्या. मागोमाग आणखी दोघी. एकीने शेजारणीला विचारलं, "कोनाची व हे पोर?" उत्तर ऐकलं आणि हात पदराखाली घेतला.

कोण शब्दामुळे गेली आणि कोण माझ्यामुळे, कळलं नाही. खोक्यांमागे बसून रडले. खूप रडले.

५ सप्टेंबर

बाबांना एसटीतच कळलं. रागावले असते तर बरं होतं. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. कचेरीत कोनाचा हात धरा लागत न्हाई."

९ सप्टेंबर

जतनबाईंना सगळं सांगितलं. आधी कपाळाला हात लावला, मग हसू आवरेना. मी विचारलं, "काकी, गिऱ्हाईक त्या शब्दानं गेलं का माझ्यानं?"

हसायच्या थांबल्या. "मले न्हाई सांगता येत, बेटा. परत येते का पाहू. आपून बसून राहू."

१८ सप्टेंबर

बसून आहोत.

४ ऑक्टोबर

आल्या! रुपाबाई! दारातूनच – "ते फुटली-फुटली करनारी पोट्टी कुठं हाये?" मी खोक्यांमागे. जतनबाईंनी वेणी धरून बाहेर काढलं.

"अवं, येवढ्या भरल्या पन हाताले येक वरखडा न्हाई! आमच्या गावचा कासार त सालटं काढते. बस इथं. राह्यलेला हात भर."

मी ओठ घट्ट मिटून भरत होते. तरी एक गेलीच! "वाढली!" मी इतक्या जोरात ओरडले की गल्लीतला माणूस डोकावला. रुपाबाई खदखदून हसल्या. मग व्हायचं तेच झालं – आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा हात माझ्या हातात होता. तो तिथेच राहिला. म्हणाल्या, "बरं. त्या लाल दाखव."

पदराखाली हात घेतलेली बाई काही आलेली नाही. येईल तेव्हा येईल.

२२ नोव्हेंबर

जतनबाई कारंज्याला भावाकडे जाणार, कायमच्या. गुडघे साथ देत नाहीत. आज माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पंचफुला, मी आता बंद करून राह्यली."

बंद! त्यांच्या तोंडून! या खेपेला कानांवर हात मी ठेवले.

"हो, बंदच. माह्यं बंद. तू वाढव. खरंखुरं वाढव, पाह्यजे त बाजूची खोली घे. तुह्या बाबाले इचार."

२३ नोव्हेंबर

विचारलं. आजच बाबा पेढे घेऊन आले होते – साहेबांनी माझं नाव घेतलं, बीएची परीक्षा झाली की जागा पक्की. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. बाबा इतकंच म्हणाले, "येक बाई परत आली म्हून सारं गाव येईन काय?" मी म्हटलं, माहीत नाही बाबा. बसून बघायचं आहे.

२७ नोव्हेंबर

बाबा बोलत नाहीत. आई म्हणते, बोलतीन. मला पेढा दिला, स्वतः दोन खाल्ले.

२ डिसेंबर

आज संध्याकाळी बाबा एसटीतून उतरून थेट दुकानात आले. पहिल्यांदाच. बायकांच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. एका नव्या सुनेचे दोन्ही हात भरून होईपर्यंत माझ्या हातांकडे बघत होते. ती गेली, गल्ली रिकामी झाली. कुठला शब्द काढावा मला कळेना, म्हणून खोकी लावत बसले.

बाबा उठले. फळी उचलली. खाकरले.

"पंचफुले – दुकान वाढवू?"